उपडा पेला

सूनबाईनं पेला उपडा घातला, तेव्हा ताटल्यांतलं सूप अजून गरम होतं.

थोरल्या वकिलांनी तोंडापर्यंत नेलेला चमचा तसाच परत ताटलीत ठेवला. ताईनं नवऱ्याकडे पाहिलं. ताईच्या नवऱ्यानं, म्हणजे दातांच्या डॉक्टरांनी, पावाकडे पाहिलं. सूनबाईच्या नवऱ्यानं, म्हणजे कॅप्टननं, कुणाकडेच पाहिलं नाही. सासूबाईंनी मात्र शेजारच्या खुर्चीवरची विणकामाची पिशवी उचलून मांडीवर घेतली, कारण आता बराच वेळ उठायला मिळणार नाही हे त्यांनी ओळखलं.

लग्न होऊन या घरात आल्यापासून सूनबाईनं पेला एकदाही उपडा घातला नव्हता. बाकीच्यांचे पेले सुलटे राहत नसत.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. या घरात पायरी चढायचा प्रश्नच नव्हता, कोर्ट जेवणाच्या टेबलाशीच भरे. ही पद्धत थोरल्या वकिलांच्या वडिलांनी पाडली होती. भाऊभाऊ एकमेकांचे गळे धरून कोर्टात येताना त्यांनी जन्मभर पाहिले, आणि आपल्या घरात भांडण व्हायचंच असेल तर ते निदान रीतसर व्हावं असं ठरवलं. ज्याला काही मागायचं असेल त्यानं पेला उपडा घालायचा. पेला उपडा झाला की सुनावणी संपेपर्यंत कुणी घर सोडायचं नाही. हे कलम ताईमुळे घालावं लागलं होतं, कारण लहानपणी हरायला लागली की ती मैत्रिणीकडे निघून जाई. आणि मुख्य म्हणजे, आपली बाजू मांडण्याआधी समोरच्याची मांडायची. तीही अशी, की समोरच्यानं स्वतःच्या तोंडानं ‘हीच माझी बाजू’ म्हटलं पाहिजे. दुसऱ्याचं म्हणणं धडपणे सांगता सांगता माणसाचा आपल्या म्हणण्यावरचा जीव उडतो, असा थोरल्या वकिलांचा अनुभव होता. म्हणूनच बाहेरच्या कोर्टात त्यांनी या नियमाचा कधी उच्चारही केला नाही. त्यांना संसार चालवायचा होता.

निकाल सासूबाईंचा. कायद्याचं एक पानही त्यांनी वाचलेलं नव्हतं आणि नवऱ्याच्या एकाही युक्तिवादावर त्यांचा विश्वास बसलेला नव्हता, तेव्हा त्यांची पात्रता दुहेरी होती. त्यांच्या निकालावर अपील नाही, आणि निकाल मोडणाऱ्यानं पुन्हा या टेबलाशी बसायचं नाही. थोरल्या वकिलांचा एक चुलतभाऊ असा मोडून गेला होता. त्याची खुर्ची अजून माळ्यावर पडून आहे.

“सूनबाई,” थोरले वकील घसा खाकरून म्हणाले, “प्रकरण काय म्हणून लिहायचं?”

लिहीत कुणीच नसे, पण ते असंच विचारत.

“हे आज संध्याकाळच्या गाडीनं जातायत,” ती म्हणाली. “त्यांनी जाऊ नये.”

थोरल्या वकिलांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं आणि ते त्यांनी रुमालानं पुसल्यासारखं केलं.

कारण ही खटपट मुळात त्यांचीच होती. मुलगा युद्धावर जाण्याआधी दिवाणी दावे चालवत असे. भिंती, गटारं आणि भाडेकरू यांत त्याची हयात जाईल आणि त्यातच म्हातारा होऊन तो टेबलाच्या या टोकाला येऊन बसेल, असा सगळ्यांचा हिशेब होता. वकिलांना लष्करभरतीची सक्ती नव्हती. तरी तो पायदळात गेला. तिथं वरची माणसं जसजशी कमी होत गेली तसतसा हा वर चढत गेला आणि कॅप्टन झाला. आता दंडाला झालेली जखम भरून निघाली होती आणि रजा संपली होती. मधल्या काळात थोरल्या वकिलांनी जुन्या ओळखी झाडूनपुसून काढल्या आणि लष्कराच्या न्यायखात्यात त्याच्यासाठी जागा मिळवली. कचेरी याच शहरात, घरापासून पायी जाण्याइतकी. गणवेश तोच, हुद्दा तोच, फक्त समोर बंदुकांच्या ऐवजी फायली. होकार आज रात्रीपर्यंत कळवायचा होता. तो आला की गाडी चुकली तरी कुणी विचारणार नव्हतं, थोरल्या वकिलांच्या एका फोननं सगळं नियमात बसणार होतं.

कॅप्टननं होकार दिला नव्हता. नकारही दिला नव्हता. तो गेले काही दिवस बुटांना पॉलिश करत होता. ती चकचकीत झालेली जोडी आता त्याच्या पायात होती आणि बॅग बोळकांडीत दाराशी उभी होती.

सूनबाईची बाजू आपण मांडतो, असं थोरल्या वकिलांनी सुचवलं. तिला सवय नाही, विषय नाजूक आहे, आणि कागदपत्रं त्यांना पाठ आहेत. सूनबाईनं नको म्हणून सांगितलं. मग ताई म्हणाली की नियमानं आधी वहिनीनं भावाची बाजू मांडायला हवी, कारण पेला तिनं उपडा घातलाय. ताईही वकील. भाऊ गेल्यापासून त्याच्या भिंती आणि गटारं ती एकटी ओढत होती, त्यामुळे तो परत यावा असं तिला मनापासून वाटे. पण नियमाचा प्रश्न आला की तिचं मन बाजूला पडायचं.

“पेला हिनं घातला असला तरी निघालाय तो,” सासूबाई सुया जुळवत म्हणाल्या. “जायचंय त्याला. त्यानं आधी बोलावं.”

कॅप्टननं मान हलवली आणि खुर्ची थोडी मागे सरकवली. तो बोलायला लागला तेव्हा सूनबाईला तो आवाज ओळखीचा वाटला. काळा कोट घालून तो असाच बोलायचा, प्रत्येक वाक्य घडी घालून ठेवल्यासारखं. हिचं म्हणणं असं, की मी माझा वाटा उचललाय. बंदूक चालवणारे पुष्कळ मिळतात, कायदा जाणणारे थोडे. शिवाय लष्करातल्या खटल्यांत साध्या शिपायांना बचावाचा वकील मिळत नाही, तिथं माझा जास्त उपयोग होईल. हे सगळं त्यानं मुद्देसूद सांगितलं. थोरले वकील मान डोलावत होते.

“ही बाबांची बाजू झाली,” सूनबाई म्हणाली.

डॉक्टरांच्या घशात पावाचा तुकडा अडकला. ताईनं त्यांच्या पाठीवर थोपटलं, जरा जास्तच जोरात.

कॅप्टननं पुन्हा सुरुवात केली. या वेळी त्यानं घडी घातली नाही. हिला भीती वाटते, तो म्हणाला. तारवाल्याची सायकल गल्लीत वळली की ही हातातलं टाकून मागच्या अंगणात जाते आणि सायकल पुढे गेल्याचं आईनं सांगेपर्यंत आत येत नाही. हे मला आईनं सांगितलं, हिनं नाही.

सासूबाईंची सुई क्षणभर थांबली. सांगू नको म्हणून बजावून सांगितलेली गोष्ट भर टेबलावर आली होती.

“हे खरं आहे,” सूनबाई म्हणाली. “पण अजून राहिलंय.”

ती एका छापखान्यात मुद्रितं तपासायची. सबंध दिवस दुसऱ्यांची वाक्यं वाचून त्यांत काय गळलंय ते हुडकायचं, हा तिचा धंदा. ‘राहिलंय’ हा शब्द ती दिवसातून इतक्यांदा उच्चारायची की त्यात राग नसायचा, लोभ नसायचा. आताही तो तसाच निघाला, आणि निघाल्यावर तिच्या लक्षात आलं की आपल्या हाती काय सापडलंय. जोवर ती ‘हीच माझी बाजू’ म्हणत नाही तोवर सुनावणी संपत नाही. सुनावणी संपत नाही तोवर त्याला घर सोडता येत नाही. आणि गाडी काही या घरच्या नियमांनी चालत नाही.

तिनं पेल्याच्या बुडावर बोट ठेवलं.

कॅप्टन बोलत राहिला. मी बदललो, असं हिला वाटतं. जेवताना मी दाराकडे तोंड करून बसतो. कुणी हाक मारली तर ओ देण्याऐवजी उठून उभा राहतो. परवा हिनं खिडकीचा पडदा जोरात ओढला, तर मी हिचा हात धरला आणि तो लवकर सोडला नाही. इथं राहिलो तर हे हळूहळू जाईल, तिकडे गेलो तर अंगी मुरेल. असं हिचं म्हणणं.

हे ऐकणं तिला जड गेलं. तिचा तो हात अजून दुखत होता आणि ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. पण ती म्हणाली, “राहिलंय.”

“वहिनी वेळ काढतेय,” ताई म्हणाली. तिनं हे तक्रारीच्या सुरात म्हटलं, पण डोळ्यांत कौतुक होतं. कोर्टात तिनं स्वतः पावसाळेच्या पावसाळे काढले होते.

“समोरच्याचं समाधान झालं पाहिजे, असा नियम आहे,” थोरले वकील म्हणाले. “किती वेळात, हे नियमात नाही.” त्यांनी आयुष्यात पुष्कळ तारखा घेतल्या होत्या, पण इतकी सोपी युक्ती आपल्याला कधी सुचली नाही याचं त्यांना मनोमन वाईट वाटत होतं. बापाला मुलगा घरी हवा होता आणि वकिलाला हा खटला कधीच संपू नये असं वाटत होतं. असा दुहेरी लाभ त्यांना पूर्वी कधी झाला नव्हता.

“गाडी चुकेल,” दातांचे डॉक्टर म्हणाले.

लग्नानंतर या टेबलावर ते पहिल्यांदाच आपणहून बोलले असावेत. ताईनं त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की त्यांनी उरलेला पाव खाऊन टाकला. त्यांनाही सक्ती नव्हती. ते गेले नव्हते, आणि मेहुणा समोर असला की त्यांचा घास नेहमी घशाशी अडके.

कॅप्टन हसला. घरी आल्यापासून तो पहिल्यांदाच हसला. बायकोचा डाव त्याला कळला होता, आणि तिला तो कळलेला कळला होता. तो सरळ उठून जाऊ शकत होता. त्याच्या खिशात लष्कराचा हुकूम होता, आणि त्या हुकुमापुढे हा काचेचा पेला म्हणजे काय. पण तो बसून राहिला. सूप कधीच थंड झालं होतं. सासूबाईंची सुई चालू होती. घड्याळ भिंतीवर होतं आणि त्याच्याकडे न बघण्याची सगळेजण शिकस्त करत होते.

सूनबाईला गंमत वाटायला हवी होती. वाटली नाही. इतका वेळ ती ‘राहिलंय’ म्हणत होती ते गाडी जावी म्हणून. पण त्याचं एकेक म्हणणं ऐकताना तिच्या लक्षात आलं, की खरंच काहीतरी राहिलंय. तो जणू घराभोवती फिरत होता आणि दाराशी येत नव्हता. ते काय, हे तिलाही नीट सांगता आलं नसतं. पण ते त्याच्या तोंडून आलं पाहिजे असं तिला इतकं तीव्रतेनं वाटलं, की गाडीचा क्षणभर विसर पडला.

“अजून राहिलंय,” ती म्हणाली. हे ती विनंती केल्यासारखं म्हणाली.

त्यानं ते ऐकलं. हसू गेलं. त्यानं खुर्ची पुढे ओढली, दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि तो पहिल्यांदाच आईकडे न पाहता तिच्याकडे पाहून बोलला.

“मी नाव नोंदवायला कोर्टातून परस्पर गेलो. अंगात काळा कोट होता. घरी येऊन याच टेबलावर सांगितलं. बाबांनी पाठ थोपटली, ताई रडली, आई उठून आत गेली. तू मला पाणी वाढलंस.”

त्यानं उपड्या पेल्याकडे पाहिलं.

“या घरात पडद्यांच्या रंगावर सुनावणी झाली. शेजाऱ्याच्या मांजरावर झाली, ती दुपारच्या जेवणापासून रात्रीच्या जेवणापर्यंत चालली. मी जावं की नाही, यावर झाली नाही. मी पेला उपडा घातला नाही. मला विसर पडला नव्हता. घातला असता तर मला आधी तुझी बाजू मांडावी लागली असती, आणि ती मांडून झाल्यावर मला उठता आलं नसतं. हे मला माहीत होतं, म्हणून मी बाहेरच्या बाहेर गेलो. मी युद्धावर गेलो ही तुझी तक्रार नाही. मी तुला टाळून गेलो, ही आहे.”

सासूबाईंनी विणकाम मांडीवर ठेवलं.

सूनबाईला राग आला. एवढ्या दिवसांचा शिलकीत ठेवलेला राग एकदम आला, आणि त्याच्याबरोबर त्या माणसाबद्दल इतकी माया दाटून आली की कशाला आधी वाट द्यावी हे तिला कळेना. एक शब्द पुरे होता. ‘राहिलंय’ म्हटलं की गाडी गेली, फोन झाला, नवरा घरी. कुणाला कळलंही नसतं. त्याला कळलं असतं, पण तो बोलला नसता. जन्मभर शेजारी बसून जेवला असता.

तिनं गळलेलं काही उरलंय का ते एकदा मनातल्या मनात तपासून पाहिलं. उरलं नव्हतं.

“हीच माझी बाजू,” ती म्हणाली.

थोरल्या वकिलांनी डोळे मिटून घेतले. जिंकलेला दावा अशिलानं कोर्टात उभं राहून सोडून दिल्याचे प्रसंग त्यांच्या कारकिर्दीत होते, पण घरात हा पहिलाच.

आता तिची पाळी होती. तिनं पेल्यावरचं बोट काढलं.

“ह्यांच्या तुकडीतली बाकीची माणसं सक्तीनं आलेली आहेत,” ती म्हणाली. “सुतार, गवंडी, ट्रामचे वाहक. त्यांना कुणी पेला उपडा घालू दिला नाही. सगळ्यांत आपल्या मर्जीनं आलेले हे एकटेच, आणि ते त्या सगळ्यांना ठाऊक आहे. आता आपल्या मर्जीनं परतही हेच आले, तर त्यांनी काय समजायचं? मला टाळून गेले, ते एकदा झालं. पुन्हा कुणाला टाळायचं नाही, असं ह्यांना वाटतं. त्यांना नाही, आणि मलाही नाही. म्हणून होकारही दिला नाही आणि नकारही दिला नाही. बूट पुसत बसले, मी पेला उपडा घालीन म्हणून.”

शेवटचं वाक्य बोलेपर्यंत ते तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

कॅप्टन समोरचं गार सूप चमचाभर प्यायला आणि मग ‘हीच माझी बाजू’ म्हणाला. ते सगळ्यांना ऐकू गेलं, इतकंच.

पुढे दोघांनी आपापली बाजू मांडायची असते. दोघांनीही मांडण्यासारखं काही उरलं नाही असं सांगितलं. ताई रुमाल शोधत होती. आपली काही हरकत नाही, असं ती म्हणाली. कशाला हरकत नाही, हे तिनं सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही. डॉक्टरांनी आपला रुमाल तिला दिला. सगळ्यांनी सासूबाईंकडे पाहिलं.

सासूबाईंनी सुया पिशवीत घातल्या, लोकर गुंडाळली, ती वर ठेवली आणि पिशवीची नाडी ओढली. या घरात निकाल ताबडतोब लागत. मांजराचा निकाल त्यांनी ताटलीतला भात संपायच्या आत दिला होता.

“सुनावणी संपली,” त्या म्हणाल्या. “निकाल राखून ठेवलाय.”

“असं करता येत नाही,” थोरले वकील म्हणाले. “या घरात निकाल राखून ठेवायची पद्धत नाही.”

“तुमच्या कोर्टात आहे की. तिथूनच घेतली.” मग त्या मुलाकडे वळल्या. “निकाल ऐकायला दोन्ही पक्ष समोर लागतात. गैरहजेरी मी चालवून घेणार नाही. कळलं?”

“तारीख?” कॅप्टननं विचारलं. तो सवयीनं विचारून गेला असावा.

“तू येशील ती.”

तो उठला. ताईनं त्याला मिठी मारली आणि गटाराच्या एका दाव्यात उत्तर काय द्यायचं ते घाईघाईनं विचारून घेतलं. डॉक्टरांनी हात पुढे केला, कॅप्टननं तो दोन्ही हातांत घेतला. थोरले वकील बॅग उचलायला वाकले, त्यांना ती झेपली नाही, आणि झेपली नाही हे न दाखवता त्यांनी ती नुसती सरळ करून ठेवली. सूनबाई त्याच्याबरोबर फाटकापर्यंत गेली. तिथं दोघं काय बोलली हे घरातून ऐकू आलं नाही. खिडकीतून ताईला एवढंच दिसलं, की त्यानं तिचा दुखरा हात हातात घेतला आणि मनगटावरचा वळ बघितला. मग तो गेला. वेळेवर पोचायला त्याला पळावं लागणार होतं.

ती आत आली तेव्हा बाकीची मंडळी पांगली होती. थोरले वकील आपल्या खोलीत फोनसमोर बसले होते आणि फोन करत नव्हते. सासूबाई टेबल आवरत होत्या. सूनबाईनं ताटल्या एकात एक घातल्या, चमचे गोळा केले, आणि आपला उपडा पेला उचलायला हात पुढे केला.

“तो राहू दे,” सासूबाई म्हणाल्या. “निकाल लागल्याशिवाय पेला उचलायचा नसतो.”

सूनबाईनं हात मागे घेतला. मग तिनं विचारलं, निकाल काय होता?

“तुझ्या बाजूचा,” सासूबाई चमचे मोजल्यासारखं करत म्हणाल्या. “त्यानं जाऊ नये, असाच.”

“मग दिला का नाही?”

“दिला असता तर तो मोडून गेला असता. आज नाही तर उद्या, पण गेलाच असता. आणि निकाल मोडलेला माणूस या टेबलाशी परत येत नाही.” त्यांनी चमचे खाली ठेवले. “आता ऐकायचा राहिलाय, म्हणून तरी येईल.”

सूनबाईनं ओलं फडकं आणलं आणि पेला जागचा न हलवता त्याच्या भोवतीनं टेबल पुसून घेतलं.